सोळा जीबी रॅम आणि बाबांचा अंगठा

फोनची जाहिरात नेहमी फोनच्या सगळ्यात चांगल्या क्षणाबद्दल बोलते. ४५०० निट्स ब्राइटनेस म्हणे. हा आकडा खोटा असतो असं नाही, पण तो मिळतो कधी, तर एचडीआर, म्हणजे जास्त उजळ दिसावा म्हणून खास बनवलेला व्हिडिओ चालू असताना, स्क्रीनच्या एका छोट्याशा तुकड्यात, तेही थोडा वेळ. २०० मेगापिक्सेल म्हणतात, पण फोन आपलाआपण सोळा सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो हातात देतो आणि खरं तर तोच बरा असतो. अर्ध्या तासात फुल चार्ज होतो, बरोबर आहे, गार खोलीत, कंपनीच्याच चार्जरवर आणि बॅटरी नवी कोरी असताना.

मला आताशा उलटा प्रश्न पडतो. हा फोन त्याच्या सगळ्यात वाईट वेळी कसा वागेल? म्हणजे बाहेर ४४ डिग्री, बॅटरी बारा टक्के, रेंज एक काडी, हात ओले, स्टोरेज गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेलं आणि ज्यांच्या हातात फोन आहे त्यांना चष्मा सापडत नाहीये. 'डेली यूज' म्हणून रिव्ह्यूवाले जे काही दाखवतात त्यात यातलं काहीच नसतं, तिथे कॅफेत बसून कॉफीचा फोटो काढतात आणि गेम लावून फोन किती तापला ते बघतात.

हे सगळं डोक्यात यायचं कारण बाबांचा नवीन फोन. बाबा अकोल्याला असतात, मी पुण्यात. रिटायर झालेत पण शेताकडे फेरी असतेच. त्यांचा जुना फोन चालायचा, पण चालायचा म्हणजे काय, व्हॉट्सॲप उघडेपर्यंत माणूस पाणी पिऊन यायचा. मी गेले होते तेव्हा म्हटलं आपण दुकानात जाऊनच बघू, ऑनलाइन नको, हातात धरून बघता येतो. दुकानातला पोरगा उत्साही होता. "ताई, सोळा जीबी रॅम हाय यात, घेऊन टाका, सध्या हाच चालून राह्यला." मी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं तर ८ + ८. म्हणजे खरी रॅम, फोन काम करताना वापरतो ती मेमरी, आठच, उरलेली आठ ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली, जी खऱ्या रॅमपेक्षा बरीच मंद असते. पोराला बोलले नाही काही, त्याला कंपनीने असंच शिकवलेलं असणार. शिवाय बाबांना आठसुद्धा जास्तच आहे, सहा जीबीत सुद्धा त्यांचं सगळं निवांत झालं असतं.

फोन घेतला शेवटी, मधल्या किमतीचा. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोन-चार महिन्यांत ते मॉडेल दुकानातून गायब होईल आणि तसंही मला त्या एका फोनबद्दल बोलायचं नाहीये. घरातल्या मोठ्यांसाठी घेतलेला फोन आधी माझं सिम घालून मी वापरते हा माझा नियम आहे, बाबांना तो अजिबात पटत नाही, त्यांच्या मते मी नवीन फोनची हौस भागवून घेते. थोडंफार ते पण आहेच.

गंमत अशी की फोनवर बोलता कसं येतं हे हल्ली कोणी बघतच नाही. तासाभराचा रिव्ह्यू असतो आणि त्यात कॉलबद्दल एक वाक्य, कॉल क्वालिटी चांगली आहे, झालं. बाबांच्या दिवसात फोनचं काम काय, तर बोलणं. सालदाराशी, कृषी केंद्रवाल्याशी, माझ्या आत्याशी, आणि रोज संध्याकाळी माझ्याशी. एका कानाने त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे कानाजवळचा स्पीकर किती मोठा आहे हा पहिला मुद्दा. दुकानात शांतता नसते ते एका अर्थी चांगलंच, मी तिथूनच आईला फोन लावला आणि पंख्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात ती ऐकू येते का बघितलं.

दुसरं म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायला पाहिजे, म्हणजे गालाने बटणं दाबली जात नाहीत. पूर्वी त्यासाठी एक छोटा इन्फ्रारेडचा सेन्सर असायचा. हल्ली बऱ्याच फोनमधे तो काढून टाकलाय, पैसे वाचतात आणि कडा बारीक करता येते. त्याऐवजी सॉफ्टवेअरने काम भागवतात, म्हणजे इयरपीसमधून आपल्याला ऐकू न येणारा अल्ट्रासाउंड सोडायचा, तो परत कसा येतो ते माइकने ऐकायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा की गाल जवळ आहे का लांब. कल्पना हुशारीची आहे, मान्य. पण उन्हाळ्यात बाबा डोक्याला आणि कानाला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात, अकोल्यात कोण नाही गुंडाळत, आणि फोन त्या दुपट्ट्यावरूनच कानाला लावतात. बाबांच्या आधीच्या फोनमधे ह्यामुळे काय व्हायचं ते आमच्या घरी सगळ्यांना माहितीये. बोलता बोलता एकदम शांतता, मग "आवाज काऊन बंद झाला?", मग कळायचं की गालाने म्यूट दाबलं गेलं. कितीतरी वेळा सालदाराला वाटलं की मालक चिडले आणि फोन ठेवला. तर नवीन फोनवर मी ओढणी डोक्याला गुंडाळून घरभर बोलत फिरले. आई म्हणाली वेड लागलं पोरीला. पण स्क्रीन एकदाही उगाच पेटली नाही, आणि माझ्या हिशोबात कॅमेऱ्याच्या आधी ह्याचे मार्क असतात.

रेंजचं पण तसंच. 5जी आहे ना, मग झालं, असं नसतं. कोणते बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे कोणते पट्टे, फोनमधे चालतात ते बघायचं. देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि जिओकडे त्यात ७०० मेगाहर्ट्झचा बँड आहे ज्याला फोनच्या यादीत एन२८ म्हणतात. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी ती भिंतींमधून जास्त आत येते, एवढं साधं गणित. सगळ्या कंपन्यांकडे असणारा एन७८ हा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, तो वेगवान आहे पण जाड भिंतीला दबतो. आमचं अकोल्याचं घर जुनं, भिंती दीड-दीड फुटाच्या, मधल्या खोलीत फोन नेला की रेंज गायब. तिथे खरा उपयोग वायफाय कॉलिंगचा, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल. एअरटेलने डिसेंबर २०१९ मधे आणि जिओने जानेवारी २०२० मधे ते सुरू केलं, पैसे वेगळे लागत नाहीत, पण कितीतरी लोकांच्या फोनमधे ते बंदच पडून असतं कारण सेटिंगमधे जाऊन चालू करायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ते चालू केल्यापासून मधल्या खोलीतून बाबांचा आवाज असा येतो की शेजारी बसलेत.

आता ऊन. ॲपल काय, सॅमसंग काय, दोघंही सांगतात की फोन ० ते ३५ डिग्रीच्या हवेत वापरावा. ३५! आमच्याकडे मार्चमधेच ३५ ओलांडून जातं आणि मे महिन्यात ४४-४५ म्हणजे लोकांना नवल वाटत नाही. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने विदर्भातला माणूस वर्षातले दोन-तीन महिने फोन चुकीच्या ग्रहावर वापरतोय. होतं काय की फोन तापला की तो स्वतःला सांभाळायला लागतो, आधी ब्राइटनेस कमी करतो, मग चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, कॅमेरा बंद करतो. आणि ब्राइटनेस कमी करतो तो नेमका अशा वेळी जेव्हा उन्हात काही दिसत नसतं. मग ते ४५०० निट्स कुठे गेले? म्हणून मी दुकानदाराला सांगून फोन बाहेर रस्त्यावर नेला, दुपारी, आणि कॉन्टॅक्टची यादी वाचता येते का बघितलं. हे करताना ऑटो ब्राइटनेस चालू ठेवायचा हे लक्षात असू द्या, कारण बऱ्याच फोनमधे उन्हासाठीचा जास्तीचा उजेड हाताने पट्टी सरकवून मिळतच नाही, तो ऑटोवर असतानाच मिळतो. आणि बहुतेक घरांमधे कोणीतरी बॅटरी वाचवायची म्हणून ऑटो ब्राइटनेस बंद करून ठेवलेला असतो.

उन्हाचाच दुसरा भाग म्हणजे गाडीच्या हँडलला लावलेला होल्डर. पोरं डिलिव्हरीसाठी लावतात, त्यांचा इलाज नाही. पण ऊन वरून आणि इंजिनची थरथर खालून. ॲपलने २०२१ मधे चक्क सांगितलं होतं की मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने कॅमेऱ्यातली ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनची, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू न देणारी यंत्रणा खराब होऊ शकते. बाबांना होल्डर पाहिजे होता, मी नाही म्हटलं, शेताचा रस्ता त्यांना नकाशाशिवाय माहितीये.

बोटांचे ठसे. स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर बोटावर उजेड पाडून त्याचा फोटो काढतो. बोट ओलं असेल, खूप कोरडं असेल, किंवा कष्टाच्या कामाने रेषा झिजलेल्या असतील तर त्याला कळत नाही कोण आहे. बाबांचा अंगठा रेशनच्या मशीनवर आणि आधारच्या कामात कायम त्रास देतो, त्यामुळे ही अडचण मला आधीच माहीत होती. दुकानात ठेवलेल्या डेमोच्या फोनवर त्यांनाच ठसा नोंदवायला लावला. पहिल्या फोनवर नोंद होता होईना, दुसऱ्यावर झाली पण उघडेना, आणि ज्याचं बटण बाजूला होतं, म्हणजे पॉवर बटणातच सेन्सर, त्याच्यावर एकदम झालं. तो दिसायला कमी भारी असतो, स्क्रीनखालचा कसा महागडा वाटतो. पण आम्ही तिथेच ठरवलं. आईचंही तेच, कणीक मळता मळता फोन आला की तिला कडेचं बटण बरं पडतं.

मराठीसाठी मी जरा जास्तच चिकटपणा करते. फोनची भाषा मराठी करून बघते, सगळ्यात मोठा फॉन्ट लावून बघते आणि मग बँकेचं ॲप उघडते. इथे बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. मराठीत वेलांट्या वर आणि उकार खाली, त्यामुळे ओळीला इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, आणि जिथे बटणाची उंची इंग्रजी अक्षर धरून पक्की केलेली असते तिथे 'पुढे' मधला उकार कापला जातो, किंवा अख्खं बटणच स्क्रीनच्या खाली निघून जातं आणि माणूस बसतो शोधत. बाबांनी एकदा अर्धा तास विजेचं बिल भरायचा प्रयत्न केला होता, कारण 'पेमेंट करा' हे बटण खाली लपलेलं आणि ते पान वर सरकतच नव्हतं. हा दोष फोनचा कमी आणि ॲपचा जास्त, हे मला कळतं, पण बाबांना त्याच्याशी काय करायचंय.

कीबोर्डवर मी ठरलेली अक्षरं टाकून बघते. ळ सरळ मिळतो का, का दाबून धरावा लागतो. 'वाऱ्यावर' आणि 'दऱ्या' नीट उमटतात का, का तो र रफार होऊन डोक्यावर जाऊन बसतो. 'ॲप' मधला ॲ आहे का. हे अक्षर युनिकोडमधे, म्हणजे फोन-कॉम्प्युटरसाठीच्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, २००८ पासून आहे, तरी अजून काही कीबोर्डवर ते असं कोपऱ्यात ढकललेलं असतं की लोक 'अॅ' असं जोडून काम भागवतात. बाबा टाइप करतच नाहीत म्हणा, ते बोलून लिहितात. मराठी व्हॉइस टायपिंग खूप सुधारलंय, पण ते पुण्याच्या बातम्या वाचणाऱ्या बाईची मराठी ऐकून मोठं झालंय असं वाटतं, वऱ्हाडी कानावर पडली की गडबडतं. बाबा म्हणाले "उद्या मी येऊन राह्यलो", म्हणजे उद्या येतोय, आणि फोनने लिहिलं "उद्या मी येऊन राहिलो". म्हणजे अर्थच बदलला, येऊन राहून पण झालं. आत्याने विचारलं, कधी आलास, दिसला नाहीस?

कॅमेऱ्याचं लवकर उरकते. मागे तीन भिंगं दिसतात त्यातली एक-दोन २ मेगापिक्सेलची शोभेची असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. मी सातबाऱ्याचा फोटो काढला ट्यूबलाइटच्या उजेडात आणि झूम करून गट नंबर वाचला, वाचता आला, पास. मग आईचा फोटो काढला. तो मात्र बघवेना, आईला असं गोरं आणि गुळगुळीत करून ठेवलं होतं की तिचीच लग्नाच्या आधीची बहीण वाटावी. ब्यूटीचं सेटिंग शोधून शून्यावर आणलं तरी थोडा गोरेपणा राहिलाच. गूगलने २०२१ मधे पिक्सेल ६ बरोबर 'रिअल टोन' म्हणून सावळ्या-काळ्या रंगाचे चेहरे जसेच्या तसे दाखवायचा प्रयत्न सुरू केला. इतक्या उशिरा! आणि आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या फोनमधे अजूनही गृहीत असं की सगळ्यांना गोरंच व्हायचंय.

खरा वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. फोन पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यात मी न मागितलेली कितीतरी ॲप आधीच होती. गेम, शॉपिंग, कर्ज देणारं एक, बातम्यांचं एक. लॉक स्क्रीनवर दर वेळी नवीन चित्र आणि त्याखाली जाहिरात, चुकून बोट लागलं की भलतंच पान उघडतं. वरून नोटिफिकेशन, 'तुमचा फोन स्लो झालाय, आत्ता साफ करा'. पहिल्या दिवशी! माझ्यासारखीला ही कटकट आहे, सत्तरीच्या माणसाला हा धोका आहे. कारण आपण त्यांना एकीकडे सांगतो की अनोळखी लिंक दाबू नका, कर्जाचं काही आलं तर उघडू नका, आणि दुसरीकडे त्यांच्या फोनची कंपनीच तसल्याच दिसणाऱ्या गोष्टी त्यांच्यापुढे ढकलत असते. यातलं खरं कुठलं आणि फसवं कुठलं हे त्यांनी ओळखायचं कसं? दुपारभर बसून मी एकेक काढलं, जे निघत नव्हतं ते डिसेबल केलं, लॉक स्क्रीनचं बंद केलं, ब्राउझरची नोटिफिकेशन बंद केली. कुठल्याही रिव्ह्यूत ह्या दुपारचे मार्क कापायला हवेत, फोन कितीही स्वस्त असो.

बॅटरीचा आकडा मोठा आहे, ६००० एमएएचच्या वर, आणि बाबांना दीड दिवस आरामात पुरते. पण मला तिसऱ्या वर्षीची बॅटरी बघायची असते आणि ती दुकानात दिसत नाही. लिथियमच्या बॅटरीला गरमी आणि सतत शंभर टक्के भरलेलं असणं ह्या दोन गोष्टी सोसत नाहीत, म्हणून ८० टक्क्यांवर थांबायचं सेटिंग होतं ते लावून टाकलं. युरोपमधे २० जून २०२५ पासून नियमच आहे की नव्या मॉडेलची बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही तिच्यात ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट मिळाले पाहिजेत. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ पासून गूगल आणि सॅमसंग सात वर्षं म्हणतायत. आमच्या बजेटमधल्या बऱ्याच फोनवर मात्र हा आकडा शोधावा लागतो, आणि डब्यावर लिहिलेला नसतोच. दुकानातल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "अपडेट येते ना ताई, येतच राह्यते."

फोन बदलायचा दिवस हे अजून एक प्रकरण. यूपीआय नवीन फोनवर चालू करताना फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो, तो बँकेत नोंदवलेल्याच सिमवरून जायला हवा, आणि बाबांच्या त्या सिमचा रिचार्ज नेमका संपलेला. ते झालं तर पहिले २४ तास पाच हजारांच्या वर पाठवता येईना, आणि बाबांना त्याच दिवशी खताचे पैसे द्यायचे होते. रोख दिले. व्हॉट्सॲप क्यूआर कोड स्कॅन करून एका फोनवरून दुसऱ्यावर सरळ नेलं, गूगलच्या फुकटच्या १५ जीबी जागेत त्याचा बॅकअप मावला नसता, कारण आता बॅकअप त्यातच मोजतात.

महिना-दोन महिन्यांनी बाबांना विचारलं, कसा आहे फोन? मला वाटलं आवाजाचं बोलतील, नाहीतर उन्हात दिसतो म्हणतील. म्हणाले, "टार्च चांगला हाय. पण जड हाय." खरंय, कव्हर आणि काच धरून सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे जातो. बाबांनी वर्षानुवर्षं नोकिया ११०० वापरलाय, २००३ चा, ८६ ग्रॅम, धूळ आत जाऊ नये म्हणून कीपॅडवर रबर आणि डोक्यावर टॉर्च. आपल्यासारख्या देशांतली धूळ, घाम आणि अंधार डोळ्यापुढे ठेवून बनवलेला फोन होता तो, आणि जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला. शर्टाच्या खिशात तो जाणवायचा नाही. हा नवीन वाकलं की खिशातून बाहेर येतो. आईने त्यांच्या दोन सदऱ्यांच्या खिशांना आतून टिचबटण लावून दिलंय.

बाबांचा बघून काकाजींचा फोन आला. "बेटा, मले हाच घेऊन दे." मी विचारलं, तुम्ही फोनवर सगळ्यात जास्त काय करता? काकाजी प्लॉटचे व्यवहार करतात, समोरचा नंतर शब्द फिरवतो, त्यामुळे त्यांना प्रत्येक कॉल रेकॉर्ड झालेला लागतो. बाबांच्या फोनवर कॉल लावायचं ॲप, म्हणजे डायलर, गूगलचं आहे, रेकॉर्डिंग लावलं की समोरच्याला बाई मोठ्याने सांगते की कॉल रेकॉर्ड होतोय, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे, ते मी त्यांना सांगितलं पण. त्यांना काही पटलं नाही. मग दुसऱ्या कंपनीचे दोन फोन लिहून पाठवले, आणि खाली लिहिलं की दुकानात जाल तेव्हा सिम घालून आधी एक फोन लावा, उन्हात जाऊन बघा, आणि अंगठा पाण्यात बुडवून मग सेन्सरवर ठेवा. त्यांचं उत्तर आलं, "रॅम किती ते सांग."